Explained : ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या ४१ वर्षं आधी आली मराठी ‘वीरधवल’, कोण होते नाथमाधव?

करी रोडला लोकलमध्ये शिरलं की सीएसएमटी पाचवं स्टेशन. तेवढ्या वेळात मोबाइलवर ड्रॅगन, जादूगार आणि सिंहासनाच्या लढाया वाचणारे अनेक जण तुम्ही पाहिले असतील. कदाचित तुम्हीही त्यांतलेच असाल. पण अशा कथांचं वेड मराठी वाचकाला शंभर वर्षांपूर्वीच लागलं होतं आणि ते लावणारा लेखक याच मुंबईत जन्मला होता.

कोण होते नाथमाधव?

द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचं खरं नाव. जन्म ३ एप्रिल १८८२, मुंबई. शालेय शिक्षण फार झालं नाही. पुढे कुलाब्याला तोफांच्या सरकारी कारखान्यात त्यांनी नोकरी धरली. शिकारीचा नाद होता, डोंगरदऱ्यांत भटकायची हौस होती. लेखक व्हायचं असं काही ठरलेलं नव्हतं.

आयुष्य कुठे बदललं?

ऐन तारुण्यात शिकारीला गेले असताना ते सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले. जीव वाचला, पण कमरेखालचं शरीर लुळं पडलं. कालपर्यंत गड चढणारा माणूस अंथरुणाला खिळला. वेळ जाता जाईना म्हणून पुस्तकं वाचायला घेतली आणि वाचता वाचता लिहायला लागले. १९०८ मध्ये ‘प्रेमवेडा’ ही पहिली कादंबरी आली, पुढच्याच वर्षी ‘सावळ्या तांडेल’.

‘वीरधवल’मध्ये असं काय होतं?

१९१३ मध्ये ‘वीरधवल’ प्रसिद्ध झाली. शूर नायक, राजघराण्यातली कारस्थानं, गूढ आणि अद्भुत प्रसंगांची रेलचेल. प्रकरण संपलं तरी पुस्तक खाली ठेववत नाही, अशी तिची रचना. हिंदीत देवकीनंदन खत्रींच्या ‘चंद्रकांता’ने वाचकांना जसं झपाटलं, तसं मराठीत ‘वीरधवल’ने. टॉल्किनची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४ मध्ये यायची होती.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ज्याला स्वतःला चालता येत नव्हतं, त्याच्या कादंबरीतला नायक मोहिमेवर निघत होता. अशा कथांना पळवाट म्हणून नाक मुरडलं जातं. नाथमाधवांच्या बाबतीत मात्र ती खोलीबाहेर पडायची वाट होती. वाचकालाही ती तशीच उपयोगी पडली.

त्यांनी मालिकाही लिहिली?

हो. १९२१ मध्ये ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’ आली आणि शिवकालावरची कादंबरीमालाच सुरू झाली. ‘स्वराज्याची स्थापना’, ‘स्वराज्याचा कारभार’, ‘स्वराज्यावरील संकट’ असे भाग येत गेले. शिवाय तीन भागांची ‘डॉक्टर’ ही सामाजिक कादंबरी वेगळीच. २१ जून १९२८ रोजी ते गेले, तेव्हा वय होतं अवघं ४६. लेखनाची वर्षं जेमतेम वीस.

आज वाचायचं तर कुठून सुरुवात करायची?

आधी ‘वीरधवल’, मग ‘स्वराज्य’माला क्रमाने. भाषा जुन्या वळणाची आहे, वाक्यं लांब आहेत. पहिली काही प्रकरणं दम धरा, मग कथाच तुम्हाला ओढून नेते. एक सावधगिरी हवी : ‘स्वराज्य’माला ही कादंबरी आहे, इतिहासाचा पुरावा नाही. तिच्यातला प्रसंग खरा म्हणून फॉरवर्ड करण्याआधी इतिहासाचं पुस्तक उघडून बघा.

आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. म्हणजे नाथमाधवांच्या कादंबऱ्या आता सगळ्यांच्या आहेत. कोणीही त्या छापू शकतो, ऑडिओबुक करू शकतो, वेब सीरिजही काढू शकतो. पण त्यासाठी आधी त्या कुणीतरी वाचायला हव्यात.