सुभाष गुप्ते आणि लेगस्पिनचा वारसा

४ मार्च २०२२ रोजी शेन वॉर्न यांचे निधन झाले, तेव्हा लेगस्पिनच्या मृतप्राय कलेचा पुनरुद्धारक असा त्यांचा गौरव ठिकठिकाणी करण्यात आला. ७०८ कसोटी बळी मिळविणाऱ्या गोलंदाजाविषयी कोणी हात आखडता घेऊन लिहू नये, हे खरे. तथापि कलेचा पुनरुद्धार म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. एका असामान्य माणसाने आपल्या उमेदीच्या काळात एखादी विद्या शिखरावर नेली, एवढ्याने ती विद्या पुन्हा उभी राहिली असे म्हणावे काय? की त्याच्यामागे ती पुढे चालविणारे निघाले, तरच तसे म्हणता येईल? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी ऑस्ट्रेलियापर्यंत जाण्याचे कारण नाही. मुंबईच्या सुभाष पंढरीनाथ गुप्ते यांचे चरित्र त्यासाठी पुरेसे आहे आणि आजच्या विद्यार्थ्यांना ते जवळजवळ अपरिचित आहे.

गुप्ते यांचा जन्म ११ डिसेंबर १९२९ रोजी मुंबईत झाला. ते पुढे आले तेव्हा आपल्याकडे लेगस्पिन नव्हतीच असे नाही. सी. एस. नायडू यांनी रणजी सामन्यांत षटकांमागून षटके टाकून अमाप कष्ट उपसले होते. परंतु ११ कसोटींत त्यांना अवघे दोन बळी मिळाले. महाराष्ट्राचे सदाशिव शिंदे यांनी १९५१ च्या नोव्हेंबरात दिल्लीला इंग्लंडचे सहा फलंदाज ९१ धावांत बाद केले खरे, पण त्यांची कसोटी कारकीर्द सात सामने आणि बारा बळी यांवरच थांबली आणि १९५५ साली वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी ते गेले. लेगस्पिन होती, पण तिच्यावर संघाची भिस्त ठेवावी असा विश्वास कोणाला वाटत नव्हता.

तो का वाटत नव्हता, हेही समजून घेतले पाहिजे. बोटांनी चेंडू फिरविणारा गोलंदाज एका टप्प्यावर तासन्‌तास चेंडू टाकू शकतो. मनगटाने फिरविणाऱ्याचा टप्पा किंचित चुकला, तरी चेंडू सीमेपार जातो. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला हा व्यवहार दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीसारखा दिसतो. आधी तोटा सोसावा लागतो. परतावा येईल तेव्हा भरघोस येतो, पण केव्हा येईल याची हमी नसते. म्हणून कर्णधार धास्तावतो आणि निवड समिती त्याच्याहून अधिक धास्तावते.

गुप्ते यांनी हा हिशेबच बदलून टाकला. शरीरयष्टी किरकोळ, उंची बेताची. पण चेंडूची उंची, टप्पा आणि वळण या तिन्हींवर त्यांची हुकमत होती. त्यांची गुगलीही एकच नव्हती, दोन तऱ्हांची होती. एक ओळखता आली म्हणून फलंदाज निश्चिंत होतो न होतो, तोच दुसरी त्याला चकवीत असे. १९५१ च्या अखेरीस कलकत्त्याला त्यांनी कसोटीत पदार्पण केले. १९५२-५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात समोर वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट हे तिघे भर बहरात होते. त्या बलाढ्य फलंदाजीविरुद्ध पाच कसोटींत गुप्ते यांनी २७ बळी घेतले. आपल्या संघाकडे त्या वेळी धाक वाटावा असा वेगवान मारा नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते.

पुढच्या तीन-चार वर्षांत त्यांचा हात रोखणे कोणाला जमले नाही. १९५४-५५ च्या मोसमात मुंबईकडून खेळताना पाकिस्तान सेनादल व बहावलपूर यांच्या संयुक्त संघाचे दहाच्या दहा गडी त्यांनी ७८ धावांत बाद केले. प्रथम श्रेणीच्या सामन्यात एका डावातील दहाही बळी घेणारे ते पहिले भारतीय. त्याच मोसमात पाकिस्तानच्या दौऱ्यावर पाच कसोटींत २१ बळी, आणि १९५५-५६ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध मायदेशी ३४. त्या मालिकेतील पहिली कसोटी १९५५ च्या नोव्हेंबरात हैदराबादच्या फतेह मैदानावर झाली आणि पहिल्या डावात गुप्ते यांनी १२८ धावांत सात बळी घेतले. त्या वेळी गंगाखेडसह सारा परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता. म्हणजे हा पराक्रम एका अर्थी आमच्या राजधानीत घडला. याच सामन्यात ए. जी. कृपालसिंग नावाच्या मद्रासच्या तरुणाने पदार्पणात शतक केले. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१९५८ च्या डिसेंबरात कानपूरला वेस्ट इंडीजचा पहिला डाव २२२ धावांत आटोपला आणि त्यातले नऊ बळी एकट्या गुप्ते यांचे होते, १०२ धावांत. दहावा, लान्स गिब्ज, हाही त्यांचाच व्हायचा. पण यष्टिरक्षक नरेन ताम्हाणे यांच्या हातून त्याचा झेल सुटला. इतके करूनही भारत तो सामना २०३ धावांनी हरला. एका टोकाने इतकी किमया व्हावी आणि बाकीच्या संघाला तिचे चीज करता येऊ नये, ही गुप्ते यांची नेहमीची व्यथा. १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यात भारत पाचही कसोटी हरला. गुप्ते यांना त्या दौऱ्यात १७ बळी मिळाले, परंतु धारही थोडी उतरली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

ती परत आली. १९६१ च्या डिसेंबरात कानपूरला त्यांनी ९० धावांत पाच बळी घेतले आणि इंग्लंडला भारताविरुद्ध प्रथमच फॉलोऑन घ्यावा लागला. त्यानंतरच्या दिल्ली कसोटीच्या वेळी संघ इंपीरियल हॉटेलात उतरला होता. गुप्ते आणि कृपालसिंग एका खोलीत होते. कृपालसिंगांनी तेथील स्वागतिकेला दूरध्वनी करून पेयपानाचे निमंत्रण दिले. तिने तक्रार केली. क्रिकेट मंडळाने दोघांनाही दूर केले. गुप्ते यांचा अपराध कोणता? तर आपल्या सोबत्याला त्यांनी अडविले नाही, हा. वेस्ट इंडीजला जाणाऱ्या संघातून त्यांचे नाव गळाले, तेथे भारत पाचही कसोटी हरला आणि गुप्ते पुन्हा कधीच कसोटी खेळले नाहीत. कृपालसिंग मात्र १९६४ साली भारताकडून पुन्हा खेळले. त्या महिलेची तक्रार रास्तच होती; तिची दखल घेणे मंडळाचे कर्तव्यच होते. पण शिक्षेचे माप असे उफराटे कसे झाले, याचे समर्थन करता येणार नाही.

गुप्ते नुकतेच ३२ वर्षांचे झाले होते. ३६ कसोटी, १४९ बळी. ऑस्ट्रेलियाचे क्लॅरी ग्रिमेट यांनी पहिली कसोटी खेळली तीच ३३ व्या वर्षी, आणि त्यानंतर २१६ बळी मिळविले. मनगटी फिरकीच्या गोलंदाजाची खरी समज ज्या वयात पिकते, त्या वयात आपण आपला गोलंदाज घरी पाठविला. घरी म्हणजे त्रिनिदादला. कारण १९५२-५३ च्या दौऱ्यात ओळख झालेल्या तेथील तरुणीशी त्यांनी विवाह केला होता. पुढे त्यांनी तेथेच संसार थाटला.

आता मूळ प्रश्न. गुप्ते यांनी भारतात लेगस्पिन उभी केली काय? गॅरी सोबर्स यांच्यासारख्या पारख्याने त्यांना वॉर्न यांच्याहूनही श्रेष्ठ मानले. पण वारसा पाहू लागलो की हाती फारसे लागत नाही. धाकटे बंधू बाळू गुप्ते हेही लेगस्पिनरच. त्यांना तीन कसोटी मिळाल्या. चंदू बोर्डे यांची मुख्य कामगिरी फलंदाज म्हणून झाली. चंद्रशेखर यांचे २४२ बळी अलौकिक, परंतु पोलिओने कृश झालेल्या हातातून वेगाने सुटणारा तो चेंडू कोणाच्याही परंपरेत बसत नाही. बेदी, प्रसन्ना आणि वेंकटराघवन यांची फिरकी बोटांची. उंची देऊन टाकलेला अभिजात लेगब्रेक भारताच्या कसोटी संघात रुजला नाही. १९८३ साली आलेले शिवरामकृष्णन नऊ कसोटींत आणि १९८८ साली मद्रासला १६ बळी घेणारे हिरवाणी १७ कसोटींत संपले. खुद्द मुंबईच्या साईराज बहुतुले यांना ६३० प्रथम श्रेणी बळींच्या कारकीर्दीत दोनच कसोटी लाभल्या.

या सर्वांची गुणवत्ता गुप्ते यांच्या तोडीची नव्हती, असे कोणी म्हणेल. ते खरेही असेल. पण गुप्ते यांना तरी ती सिद्ध करायला सलग दहा वर्षे मिळाली होती. माझ्या मते गुप्ते यांनी कलेचा पुनरुद्धार केला नाही, कारण त्यांच्या हाती ते नव्हतेच. गोलंदाज कला दाखवू शकतो; ती टिकवायला झेल घेणारे हात, धावा गेल्या तरी चेंडू काढून न घेणारा कर्णधार आणि चार सामने थांबण्याची तयारी असलेले निवडकर्ते लागतात. ही सामग्री वॉर्न यांना मिळाली. शिवाय १९९३ साली त्यांनी मँचेस्टरला गॅटिंगचा त्रिफळा उडविला, त्याच्या कितीतरी आधीपासून पाकिस्तानात अब्दुल कादिर यांनी २३६ बळींनिशी हा दिवा तेवत ठेवला होता, हे तो गौरव करणारे सोयिस्करपणे विसरतात.

आमच्याकडे गोदाकाठच्या वाळवंटात मुले टेनिसच्या चेंडूने खेळतात, तेव्हा प्रत्येकाला धावत येऊन वेगाने टाकायचे असते. क्वचित एखादा मनगट वळवून पाहतो. पहिल्याच षटकात दोन षटकार बसले की त्याचा सवंगडी कर्णधार चेंडू काढून घेतो.

सुभाष गुप्ते ३१ मे २००२ रोजी पोर्ट ऑफ स्पेन येथे वारले. त्या दिवसांत भारतीय संघ वेस्ट इंडीजच्याच दौऱ्यावर होता, आणि त्याच महिन्यात अँटिग्वाच्या कसोटीत मोडलेला जबडा पट्टीने बांधून अनिल कुंबळे यांनी सलग १४ षटके टाकली होती. लारा त्यांच्याच चेंडूवर पायचीत झाला.