दीड किलोमीटरवरून आलेले ठोके

ईसीजीच्या कागदावरील पी, क्यू, आर, एस, टी ही नावे विलेम आइंथोव्हेन यांची देणगी. जन्म १८६० चा, जावा बेटावरील सेमारांगचा. वडील डॉक्टर, ते लवकर गेले आणि आई मुलांना घेऊन नेदरलँड्सला आली. पंचविशीतच आइंथोव्हेन यांची लायडन विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली.

त्वचेवर पोहोचणारी हृदयाची वीज जेमतेम एक मिलिव्होल्ट. ती टिपण्यासाठी त्यांनी चांदीचा मुलामा दिलेला, केसाहून बारीक क्वार्ट्झचा धागा प्रबळ विद्युतचुंबकात ताणून बसवला. धागा हलला की त्याची सावली सरकत्या फोटोप्लेटवर उमटे. रुग्णाचे हात-पाय मिठाच्या पाण्यात, तिथून तारा यंत्राला. यंत्र मात्र अडीचशे किलोंहून जड. चालवायला पाच माणसे!

म्हणजे यंत्र रुग्णालयात नेणे अशक्य, आणि धाप लागलेल्या हृदयरुग्णाला प्रयोगशाळेत आणणे धोक्याचे. मध्ये अंतर दीड किलोमीटर. १९०५ मध्ये आइंथोव्हेन यांनी टेलिफोनच्या तारांनी दोन्ही इमारती जोडल्या. पहिली नोंद एका धडधाकट माणसाची होती. त्याच्या आलेखातील आर लहर उंच आली. तो प्रयोगशाळेतून रुग्णालयात सायकलने गेला होता, त्याचा हा परिणाम मानला गेला. पाठोपाठ खरे रुग्ण आले. १९०६ च्या लेखात हार्ट ब्लॉक, अनियमित ठोके यांचे आलेख छापले गेले. जे डॉक्टर नाडीवरून ताडत, ते आता कागदावर दिसू लागले.

१९२४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. १९२७ मध्ये ते लायडनमध्येच वारले.