काळ्या ठिपक्यांची वही

वादळी ढगांत पतंग उडवून आकाशातल्या विजेचे कोडे सोडवणारा बेंजामिन फ्रँकलिन शाळेच्या पुस्तकात आपल्याला भेटलेला असतो. १७५२ सालचा तो प्रयोग जगभर गाजला. पण त्याच्या बरीच वर्षे आधी फ्रँकलिनने आणखी एक प्रयोग सुरू केला होता. तो स्वतःवरच होता, पुढे वर्षानुवर्षे चालला आणि त्यात तो पुन्हा पुन्हा नापास झाला. नवी सवय लावायला घेऊन तिसऱ्या आठवड्यात ती मोडणाऱ्या प्रत्येकाने या दुसऱ्या प्रयोगाची गोष्ट वाचावी अशी आहे.

१७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टनमध्ये, साबण आणि मेणबत्त्या करणाऱ्या कारागिराच्या घरी त्याचा जन्म झाला. वडिलांच्या दोन लग्नांची मिळून सतरा मुले, हा पंधरावा. शाळा जेमतेम दोन वर्षे. बाराव्या वर्षी थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात तो उमेदवारीला लागला. सोळाव्या वर्षाच्या सुमारास शाकाहारावरचे एक पुस्तक हाती पडले आणि त्याने मांसमच्छी सोडली. भावाला म्हणाला, माझ्या खानावळीचे निम्मेच पैसे मला द्या, माझे मी बघतो. त्यातलेही निम्मे वाचवून तो पुस्तके घेई. बाकीचे जेवायला बाहेर गेले की हा पाव, मूठभर मनुका आणि पाणी यांवर भागवून वाचत बसे.

पण १७२३ साली तो भावाकडून पळाला, तेव्हा वाटेत वाऱ्याअभावी गलबत अडकून पडले. खलाशांनी कॉड मासे धरले आणि तव्यावर टाकले. फ्रँकलिनला पूर्वी मासे जिवापाड आवडत. वास आल्यावर मनात वाद सुरू झाला. मासे कापताना त्यांच्या पोटातून छोटे मासे निघालेले त्याला आठवले. मासे एकमेकांना खातात, मग मी का खाऊ नये, असा कौल त्याने स्वतःला दिला आणि पोटभर जेवला. व्रत मोडायचे ठरले की बुद्धी हवे ते कारण शोधून देते, हे त्याने पुढे आत्मचरित्रात स्वतःची थट्टा करतच लिहून ठेवले. त्यानंतरही तो अधूनमधून शाकाहाराकडे वळत राहिला. एकदा मोडले म्हणून कायमचे सोडले, असे त्याने केले नाही.

लंडनच्या छापखान्यात काम करताना त्याची एक सवय मात्र टिकली. तिथले कामगार ताकद येते म्हणून बिअर पीत. एक सोबती दिवसाला सहा पाइंट, म्हणजे तीन लिटरहून अधिक रिचवी. फ्रँकलिन पाणी पिई. इतर जण खिळ्यांचा एक जड साचा दोन्ही हातांनी उचलत, तर हा प्रत्येक हातात एक घेऊन जिना चढे. पोहण्यातही तो तरबेज होता. तरीही १७२७ साली, एकविशी ओलांडताच, त्याला फुप्फुसाच्या आवरणाची सूज आली आणि तो मरता मरता वाचला. त्याच सुमारास त्याला आधार देणारा मालकही आजारी पडून वारला. नोकरी गेली. पुन्हा जुन्या छापखान्यात मजुरी करणे आले.

तेरा ओळी, चार फेऱ्या

पुढच्या काही वर्षांत, स्वतःचा छापखाना उभा करत असतानाच, त्याने निर्दोष माणूस व्हायचे ठरवले. बरे काय आणि वाईट काय हे आपल्याला कळते, मग नेहमी बरेच का करू नये, असा तरुण वयाला शोभणारा त्याचा हिशेब होता. लवकरच त्याला उमगले की एका चुकीवर पहारा ठेवावा तर दुसरी मागच्या दाराने आत शिरते. नुसते ठरवून भागत नाही. आधी जुनी सवय मोडावी लागते, मग नवी लावावी लागते.

म्हणून त्याने बारा गुण निवडले: मिताहार, मौन, टापटीप, काटकसर, उद्योग, स्वच्छता वगैरे. आपल्यातला गर्व एका क्वेकर मित्राने दाखवून दिल्यावर नम्रता हा तेरावा आला. एका छोट्या वहीत प्रत्येक गुणाला एक पान दिले. लाल शाईने सात दिवसांचे सात उभे रकाने, तेरा गुणांच्या तेरा आडव्या ओळी. चूक झाली की त्या घरात काळा ठिपका. एका आठवड्यात लक्ष एकाच गुणावर. बाकीचे नेहमीसारखे चालू द्यायचे, फक्त ठिपके मांडायचे. तण काढणारा माळी सगळी बाग एकदम उपटत नाही, एक वाफा संपवून दुसऱ्याकडे वळतो, तसे. तेरा आठवड्यांत एक फेरी पूर्ण होई आणि वर्षात अशा चार फेऱ्या बसत.

आपल्यात इतके दोष असतील असे त्याला वाटले नव्हते. दर फेरीला जुने ठिपके खरवडून पुन्हा तीच वही वापरायची, त्यामुळे कागदाला भोके पडली. मग त्याने हस्तिदंती पानांची टिपणवही घेतली. तिच्यावर रेघा शाईच्या आणि ठिपके शिसपेन्सिलीचे, म्हणजे ओल्या स्पंजाने पुसता येतील असे. चुका होणारच, हे त्याने व्यवस्थेतच धरून ठेवले.

टापटीप हा गुण तर त्याला शेवटपर्यंत जमला नाही. कागदपत्रे जागच्या जागी ठेवण्याच्या प्रयत्नात तो इतका वैतागे की नाद सोडावासा वाटे. यावर त्याने एक गोष्ट सांगितली आहे. एकाने लोहाराकडून कुऱ्हाड घेतली आणि धारेसारखे सगळे पाते चकचकीत करून मागितले. लोहार म्हणाला, चाक तू फिरव. लोहार पाते दाबून धरी, त्यामुळे चाक जड फिरे. गडी दमला आणि म्हणाला, राहू द्या, ठिपक्यांचीच कुऱ्हाड बरी. या पळवाटेचा मोह आपल्यालाही होतो, हे फ्रँकलिन कबूल करतो. पण काही डाग राहिले म्हणून त्याने वही फेकली नाही.

पुसता न येणारा ठिपका

फ्रँकलिन मुद्रक होता. आयुष्यातल्या चुकांना तो छापखान्यातलाच शब्द वापरी: मुद्रणदोष. दोष सापडला की शुद्धिपत्र जोडायचे. भावाला फसवून पळाला होता, तर भावाच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाला शिकवून धंद्याला लावले. दुसऱ्याचे वसूल केलेले पैसे खर्चून बसला होता, ते व्याजासह परत केले.

पण सगळेच दोष दुरुस्त होत नाहीत. त्या काळी देवीवर जेनरची लस आलेली नव्हती. देवीच्या रुग्णाच्या फोडातला पू निरोगी माणसाला टोचून सौम्य आजार आणण्याची पद्धत होती. तिच्यात धोका होता, पण देवी येण्यापेक्षा खूप कमी. फ्रँकलिन या टोचणीच्या बाजूचा होता. धाकटा मुलगा फ्रान्सिस जुलाबाने अशक्त झाला होता, म्हणून त्याची टोचणी लांबणीवर पडली. १७३६ साली चार वर्षांचा फ्रान्सिस देवीने गेला. मुलगा टोचणीने मेला, अशी अफवा उठली. तेव्हा पुत्रशोकात असतानाही फ्रँकलिनने आपल्या वर्तमानपत्रात खुलासा छापला की मुलाला टोचणी झालेलीच नव्हती. अफवेमुळे इतर आईबाप मागे हटू नयेत, ही त्याची काळजी होती. १७५९ साली टोचणीची सोपी माहिती देणारी डॉ. विल्यम हेबर्डन यांची पुस्तिका निघाली, तिची प्रस्तावना त्याने लिहिली. म्हातारपणीही ही खंत त्याला सोडून गेली नाही. मात्र त्याने खंतीला कामाला लावले.

विज्ञान काय सांगते

फ्रँकलिनने अंदाजाने जे केले, त्यातले बरेचसे आज अभ्यासांतून तपासले गेले आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेला आणि २०१० मध्ये छापून आलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. रोज एखादी साधी कृती ठरलेल्या वेळी करायची आणि ती किती आपोआप होते हे नोंदवायचे. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असे दिसले. पण गणिती अंदाजानुसार कुणाला १८ तर कुणाला २५४. एकवीस दिवसांत सवय लागते, या समजाला त्यात आधार नाही. दिलासा देणारी गोष्ट म्हणजे, मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

मग सवयी मोडतात का? चुकीपेक्षा चुकीनंतरच्या विचाराने. १९७५ सालच्या एका प्रयोगात काही जणांना आधी मिल्कशेक देऊन मग आइस्क्रीम पुढे ठेवले. एरवी खाण्यावर ताबा ठेवणाऱ्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खायला हवे होते. त्यांनी उलट जास्त खाल्ले. पथ्य मोडलेच आहे, तर आज होऊनच जाऊ दे! एका लाडवाचे चार लाडू असेच होतात. फ्रँकलिनच्या वहीत या विचाराला जागा नव्हती. आजच्या घरात ठिपका पडला तरी उद्याचे घर कोरेच असे.

म्हातारपणी फ्रान्समध्ये असताना त्याला गाउट जडला. तेव्हा त्याने आजारालाच बोलते करून एक संवाद लिहिला. चालायचे सोडून तासन्‌तास बुद्धिबळ खेळत बसतोस आणि बाहेर पडलास तरी गाडीतून, असे गाउट त्याला सुनावतो. व्यायामाचे महत्त्व माहीत असूनही तो टाळणारा हा आपल्यातलाच माणूस. वही भरणेही हळूहळू विरळ झाले: आधी वर्षाला एक फेरी, मग काही वर्षांतून एक, मग बंद. तरी ती छोटी वही तो प्रवासात बरोबर ठेवी.

एकोणऐंशीव्या वर्षी त्याने या प्रयोगाचा हिशेब मांडला. ठरवले होते ते पूर्णत्व गाठता आले नाही, पण प्रयत्नामुळे आपण जास्त बरे आणि सुखी झालो, असा तो होता. दीर्घकाळ टिकलेल्या तब्येतीचे श्रेय त्याने मिताहाराला दिले. एक मोठे शुद्धिपत्र अजून बाकी होते. एके काळी त्याने स्वतः गुलाम बाळगले होते. फेब्रुवारी १७९० मध्ये, गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष म्हणून, ती प्रथा संपवण्याच्या मागणीचा अर्ज त्याने अमेरिकी काँग्रेसकडे पाठवला. दोन महिन्यांनी, १७ एप्रिलला, चौऱ्याऐंशीव्या वर्षी तो फुप्फुसाच्या आजाराने वारला.

तुमचे सकाळचे चालणे परवा चुकले असेल, तर कॅलेंडरवर त्या तारखेला एक ठिपका द्या आणि बूट दाराशीच राहू द्या. एका वेळी सवय एकच घ्या. उद्याचे घर अजून कोरे आहे.