गज, कात्री आणि माझी हौस

आधीच कबूल करून टाकते. मला कपड्यांचं वेड आहे. होस्टेलवरच्या माझ्या कपाटाला चार कप्पे आहेत. त्यातल्या अर्ध्या कप्प्यात पुस्तकं आणि उरलेल्या साडेतीन कप्प्यांत कुर्ते, ओढण्या, जीन्स, आणि एका डब्यात चाळीस-चाळीस रुपयांचे झुमके! रूममेटचं म्हणणं असं की सिव्हिलच्या मुलीने निदान कपाटाचं लोड कॅल्क्युलेशन तरी करून बघावं. पण काय करणार? सबमिशनचा कंटाळा आला की पाय आपोआप बाजाराकडे वळतात. काही घ्यायचं नसलं तरी दुकानात जाऊन कापड बोटांत धरून बघायचं, भाव विचारायचा, आणि येताना पाणीपुरी. एवढ्यात माझा रविवार सार्थकी लागतो.

ही सवय मला हिंगोलीने लावली. आमच्याकडचा दसरा महोत्सव दीडशे वर्षांहून जुना आहे. रामलीला मैदानावर प्रदर्शन भरतं, पाळणे येतात, आणि बांगड्या-टिकल्यांपासून चादरींपर्यंत सगळ्याची दुकानं लागतात. लहानपणी मी पाळण्यात बसायला हट्ट करत नव्हते, दुकानांपुढे थांबायला करत होते.

तर, मासिकाच्या मराठी विभागासाठी आपल्या जिल्ह्यातल्या थोर व्यक्तीवर लिही असं सांगण्यात आलं, तेव्हा माझ्यापुढे एकच नाव होतं. संत नामदेव. आमच्या हिंगोलीपासून जवळच, कयाधू नदीच्या काठी त्यांचं गाव आहे, नर्सी नामदेव. शाळेची सहल तिथेच जायची. म्हटलं, सोपं आहे, दोन तासांत लिहून होईल. मनात थोडी धाकधूकही होती. संत म्हणजे वैराग्य, साधी राहणी. ते माझ्या साडेतीन कप्प्यांना काय म्हणतील?

वाचायला बसले आणि पहिल्याच पानावर थांबले. नामदेव जातीने शिंपी! म्हणजे हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ कधी डोक्यात शिरला नव्हता. ज्या घरात कापड मोजलं जातं, बेतलं जातं, शिवलं आणि विकलं जातं, अशा घरातला हा मुलगा. माझ्या घरासारख्याच. कारण माझी आई शिलाई करते. ब्लाउज, पिको-फॉल, शाळेचे गणवेश, सगळं. मशीनचा आवाज थांबला की मला झोपेतून जाग येते, इतकी त्याची सवय.

नामदेवांचा जन्म 1270 सालचा, कार्तिकी एकादशीचा. वडील दामाशेटी, आई गोणाई. जन्म नर्सीचा असं आपण मानतो. काही अभ्यासक पंढरपूर सांगतात. लहानपण मात्र पंढरपुरात, विठ्ठलाच्या देवळाच्या सावलीत गेलं. दामाशेटी रोज देवाला नैवेद्य नेत. एकदा ते काम नामदेवांवर आलं. मुलाला वाटलं देव खरंच जेवतो. विठ्ठल काही जेवेना, तेव्हा हा पोरगा रडला आणि डोकं आपटायला निघाला, मग देव जेवला, अशी कथा आहे. ती आपल्या सगळ्यांना पाठ असते. मी इथे दुसरी सांगते, जी मला माहीत नव्हती. ती महिपतींच्या भक्तिविजयात आहे.

नामदेव मोठे झाले, राजाईशी लग्न झालं, पण दुकानात लक्ष लागेना. वडिलांनी शेवटी कापडाचं गाठोडं दिलं आणि बाजारात पाठवलं. आता विक्री म्हणजे काय असते ते ज्यांच्या घरी धंदा आहे त्यांना विचारा. गिऱ्हाइकाशी गोड बोलावं लागतं, भाव सांगावा लागतो, घासाघीस करावी लागते. नामदेव बसले भजन करत. दिवस मावळला, एक वार कापड खपलं नाही. परत येताना वाटेत दगडधोंडे दिसले. नामदेवांना वाटलं, हे बिचारे उघडे! त्यांनी गाठोडं सोडलं, एकेका धोंड्याला कापड पांघरलं, पैसे आठ दिवसांनी द्या म्हणून सांगितलं आणि त्यातल्याच एका धोंड्याला जामीन ठेवलं. घरी आल्यावर वडिलांनी हिशेब विचारला. नामदेवांनी खरं ते सांगितलं, की माल उधारीवर दिला आहे. आठ दिवसांनी वसुलीला गेले तर कापड नाही आणि पैसेही नाहीत. मग जामीनदार धोंडाच उचलून घरी आणला, आणि तो सोन्याचा झाला अशी कथा.

सोन्याचं मला फार काही वाटलं नाही. कथेत असं होतच असतं. माझं लक्ष अडकलं ते आधीच्या प्रसंगावर. एवढा तोटा करून आलेला मुलगा वडिलांसमोर उभा आहे, आणि तो खोटं बोलत नाही. हे वाक्य लिहिताना मला जरा अवघडल्यासारखं होतंय. का, ते शेवटी सांगते.

राजाईबद्दलही लिहायलाच हवं. नवरा देवळात, सासू संतापलेली, मुलं चार आणि एक मुलगी: नारा, विठा, गोंदा, महादा आणि लिंबाई. शिवाय गंगाखेडहून लहानपणीच आलेली जनाबाई, दळण-कांडण करणारी. खाणारी तोंडं पुष्कळ, मिळकत बेताची. राजाईच्या नावावर जे अभंग सांगितले जातात त्यांत घरातल्या चणचणीची तक्रार आहे. परिसा भागवताच्या बायकोकडून तिने परीस मागून आणला, लोखंडाचं सोनं केलं आणि घरात सामानसुमान भरलं, अशी एक गोष्ट आहे. नामदेवांना कळलं तेव्हा त्यांनी तो परीस चंद्रभागेत फेकला. पुढे परिसा मागायला आला तर नदीतून ओंजळभर खडे काढून दिले, सगळेच परीस! गोष्ट नामदेवांची थोरवी सांगायला आहे. पण मी मुलगी आहे, मला राजाईच दिसली. वर्षानुवर्षं मन मारल्यावर एक दिवस हात सैल सोडून बाजार करणारी. तिचा मला राग येऊच शकला नाही.

नामदेवांच्या आयुष्यातला टर्निंग पॉइंट मात्र वेगळाच. विशीच्या आसपास ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडं भेटली. गोरा कुंभारांकडे सगळे संत जमले असताना मुक्ताबाईने गोरोबांना सांगितलं की यातलं कच्चं मडकं कोणतं ते बघा. गोरोबा थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारू लागले. बाकीचे गप्प बसले. नामदेव चिडले. निकाल लागला, हे मडकं कच्चं! सगळ्यांसमोर, आणि वयाने बऱ्याच लहान मुलीच्या पुढाकाराने. व्हायवामध्ये एक्स्टर्नलने वर्गासमोर उडवलं की कसं होतं ते आपल्याला ठाऊक आहे. नामदेव तर विठ्ठलाचे लाडके म्हणून प्रसिद्ध. चांगलेच दुखावले.

पुढचा प्रसंग आमच्या जिल्ह्यात घडला असं मानतात. गुरूच्या शोधात नामदेव औंढा नागनाथला आले, तर विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून झोपलेले. नामदेवांनी हटकलं. विसोबांनी शांतपणे सांगितलं की देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव ठेवतील तिथे पिंडी. त्या दिवशी त्यांना समजलं की देव फक्त पंढरपुरात नाही. कच्चं मडकं भाजून निघालं. याच औंढ्याची आणखी एक कथा आहे. नामदेवांना कीर्तनाला देवळामागे पाठवलं तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरलं. नंदी आजही देवळाच्या मागच्या बाजूला दाखवतात.

त्यानंतर ज्ञानेश्वरांबरोबर तीर्थयात्रा झाली. 1296 साली ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. म्हणजे नामदेव सव्वीस वर्षांचे असताना त्यांचा सखा गेला आणि भोवतालचं राज्यही डळमळू लागलं. नामदेवांनी ज्ञानेश्वरांचं चरित्र आदि, तीर्थावळी आणि समाधी या प्रकरणांत अभंगांतून लिहिलं. मराठीतल्या अगदी पहिल्या चरित्रांत त्याची गणना होते.

आणि मग हा शिंपी निघाला तो थेट पंजाबात! रेल्वे नाही, रस्ते नाहीत, भाषा वेगळी. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी त्यांनी बराच काळ, परंपरेप्रमाणे वीसेक वर्षं, मुक्काम केला. तिथल्या लोकांच्या भाषेत पदं रचली. 1604 साली गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला तेव्हा त्यात नामदेवांचीही पदं घेतली. आज गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत. म्हणून तर नर्सीला शीख भाविक येतात. 2015 साली 88वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही घुमानला झालं.

आता माझ्या आवडीचा भाग. ग्रंथसाहिबातल्या त्यांच्या एका पदात कापड मोजायचा गज आहे, कात्री आहे, सुई आणि दोरा आहे. मन, जीभ, नामस्मरण हे सगळं ते या अवजारांतून सांगतात. दुकान सोडलं, गाव सोडलं, भाषा बदलली, पण हातातली कात्री सुटली नाही! तिकडे त्यांना छीपा म्हणतात. छीपा म्हणजे कापडावर ठसे उमटवणारा. पंजाब-राजस्थानात कापड छापणारे-रंगवणारे कितीतरी लोक नामदेवांना आपलं मानतात. हे वाचल्यावर मी उठून कपाट उघडलं. माझा सगळ्यात लाडका कुर्ता राजस्थानी ब्लॉकप्रिंटचा आहे. कोण जाणे, नामदेवांना आपलं मानणाऱ्या एखाद्या हाताने त्याच्यावर ठसा मारला असेल!

नामदेवांचं एक काम मात्र या सगळ्याहून मोठं वाटतं. 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम कोसळलं आणि चोखामेळा इतर मजुरांबरोबर त्याखाली गेले. ज्यांना जिवंतपणी देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्यांच्या अस्थी शोधायला नामदेव स्वतः गेले, त्या पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. 1350 साली नामदेव गेले. त्याच महाद्वाराची पायरी त्यांनी स्वतःसाठी मागून घेतली. येणाऱ्याजाणाऱ्यांची पायधूळ लागावी म्हणून. नामदेव पायरी ती हीच.

असो. आता राहिलेली गोष्ट.

तो ब्लॉकप्रिंटचा कुर्ता नऊशे रुपयांचा आहे. आईने पुस्तकांसाठी म्हणून पैसे दिले होते. मी पुस्तकं लायब्ररीतून काढली, कुर्ता घेतला आणि घरी फोनवर सांगितलं की पुस्तकं घेतली. नऊशे रुपयांत आईचे किती ब्लाउज होतात, याचा हिशेब मी तेव्हा केला नव्हता. गणितात कच्ची म्हणून नाही, करायचाच नव्हता म्हणून.

मन खात होतं. म्हणून दिवाळीला जाताना आईसाठी एक ब्लाउजपीस घेतला. चांगला, खणाचा. रात्री अकरा वाजता गिऱ्हाइकांचं काम संपवून तिने तो हातात घेतला, खूश झाली, टेपने मोजला आणि हसली. पीस ऐंशी सेंटिमीटरचा होता. तिला मीटरभर लागतं. अख्ख्या गल्लीची मापं जिच्या वहीत आहेत, माझं माप तर जिला वहीशिवाय पाठ आहे, तिचं माप मला माहीत नव्हतं. सर्व्हेइंगमध्ये मिलिमीटरच्या चुकीसाठी आम्ही परत परत रीडिंग घेतो. घरच्या माणसाचं एक रीडिंग मी कधी घेतलं नव्हतं. आईने तो पीस बाजूला ठेवला आणि माझ्या कुर्त्याच्या बाह्यांना त्याची पट्टी लावून देईन म्हणाली!

नामदेव वाचून माझी कपड्यांची हौस गेली, असं मी लिहिणार नाही. ते खोटं होईल, आणि एक खोटं आधीच बोलून झालंय. उलट कापडाबद्दलची माया वाढली. फक्त आता दुकानात बोटांत कापड धरलं की ते विणणारे, छापणारे, शिवणारे हात आठवतात, आणि ज्यांच्या अंगावर ते नाही तेही आठवतात. सुट्टीत आईचं माप घेतलं. छाती, कंबर, बाही, पाठीची उंची, सगळं ड्रॉइंगच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. यंदाच्या दसऱ्यात मीटरभर कापड घ्यायचं आहे, माझ्या पाणीपुरीच्या पैशांतून.

कुर्त्याचं आईला अजून सांगितलेलं नाही. हा अंक हातात आला की घरी नेणार आहे, आणि हे पान मीच तिला वाचून दाखवणार आहे. दामाशेटींसमोर नामदेव उभे राहिले, मग मलाही जमेल. बोलणी बसतील ती बसतील.

— तृतीय वर्ष, स्थापत्य