तेराव्या लुईचा छंद

फ्रान्सचा राजा तेरावा लुई याचा जन्म १६०१ साली झाला. १६१० साली पॅरिसच्या रस्त्यात त्याच्या पित्याचा खून झाला आणि अवघ्या आठ वर्षांच्या बालकाच्या मस्तकी राजमुकुट आला. कारभार आईच्या हाती गेला. बोलताना अडखळणारा हा मुलगा दरबारात अबोल असे. मात्र बंदुकांत त्याचे मन रमे. बंदूक स्वतः खोलावी, तिचा चाप न्याहाळावा, ती पुन्हा जुळवावी, असा त्याचा नाद होता. हा नाद जन्मभर टिकला. निरनिराळ्या घडणीच्या बंदुका त्याने आवडीने जमविल्या. १६४३ साली तो निवर्तला. पुढे तो संग्रह विखुरला. तरी त्यातील एक बंदूक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आजही जपून ठेवलेली आहे.