डिचोलीचे बिशप

गोमंतकाच्या मुक्तिलढ्याची परंपरा सांगताना मातेउश द कास्त्रो महाले यांचे नाव आम्ही सहसा घेत नाही. दिवाडी बेटावरील ब्राह्मण ख्रिस्ती कुळातील या पुरुषास गोव्यात धर्मगुरूची दीक्षा नाकारण्यात आली. उणे होते ते केवळ एतद्देशीय असण्याचे. ते रोमला गेले, दीक्षित झाले आणि १६३७ साली लॅटिन पंथाचे पहिले भारतीय बिशप झाले. पोर्तुगीजांनी त्यांचा अधिकार मानला नाही. तेव्हा आदिलशाहीतील डिचोलीत त्यांनी ठाण मांडले आणि १६५३ मध्ये पत्रक लिहून गोव्यातील ख्रिस्ती ब्राह्मणांना परकी सत्तेविरुद्ध हाक दिली. अखेर त्यांना रोमलाच परतावे लागले. ती हाक स्वजातीपुरतीच होती, ही तिची मर्यादा. तरीही धर्म निराळा म्हणून हा स्वाभिमानी पुरुष आम्ही परका मानावा काय?