नोकरी सोडावी तर अशी!

इंजिनिअर्स डे आला की सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा फोटो सगळ्यांच्या स्टेटसवर झळकतो. त्यांची धरणं आपल्याला ठाऊक असतात. पण या माणसाने दोन मोठ्या नोकऱ्या स्वतःहून सोडल्या आणि दोन्ही ठिकाणी त्यांना पुन्हा मानाने बोलावलं गेलं, हे किती जणांना माहितीये?

कॉलेजात प्लेसमेंटचा सीझन सुरू झाला की कँटीनमध्ये दुसरा विषयच नसतो. पॅकेज किती, लोकेशन कुठलं, इंटरव्ह्यूला काय विचारलं! रेझ्युमे कसा लिहायचा याची वर्कशॉप्स होतात, मॉक इंटरव्ह्यू होतात. नोकरी सोडायची कशी, हे मात्र कुणीच शिकवत नाही. आणि आपल्यापैकी बहुतेकांची पहिली नोकरी काही शेवटची नसणार. मग कानावर येतात ते किस्से. कुणी सकाळी मेल टाकला आणि दुपारी फोन बंद केला, कुणी शेवटच्या दिवशी ऑफिसच्या ग्रुपवर मनातलं सगळं ओकून टाकलं, कुणी नोटीस पीरियडभर नुसता खुर्ची उबवत बसला.

म्हणूनच विश्वेश्वरय्यांची गोष्ट एका वेगळ्या बाजूने वाचायला हवी.

पुण्यात शिकले, नाशिकला रुजू झाले

आजच्या कर्नाटकातलं मुद्देनहळ्ळी हे त्यांचं गाव. वडील लवकर गेले. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे बंगळूरला शिकताना शिकवण्या घेऊन त्यांनी खर्च भागवला. बीए झाल्यावर म्हैसूर संस्थानाची स्कॉलरशिप मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. हेच आपलं आजचं सीओईपी. १८८३ मध्ये इंजिनिअरिंगच्या परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि मुंबई सरकारने त्यांना थेट नोकरी देऊ केली. १८८४ मध्ये ते सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून नाशिकला रुजू झाले. वय जेमतेम तेवीस, म्हणजे आपल्याच वयाचं!

पहिल्या नोकरीत पहिला खटका सगळ्यांचाच उडतो, तसा त्यांचाही उडाला. धुळे भागात दातर्ती गावाजवळ पाण्याच्या पाटासाठी पाइप सायफन टाकायचं काम त्यांच्याकडे होतं. ऐन पावसाळ्यात प्रवाहाला पूर यायचा आणि केलेलं काम वाळूने भरून जायचं. पाऊस संपल्यावर काम करू, असं त्यांनी वरिष्ठांना कळवलं. वरिष्ठांना ते अजिबात रुचलं नाही आणि नाराजीचा शेरा आला. नवख्या पोराने अशा वेळी काय केलं असतं? रुसून बसला असता किंवा बदली मागितली असती. विश्वेश्वरय्या पुन्हा कामाला लागले, पुराशी झुंजत ते काम पूर्ण केलं. काम झाल्यावर त्याच वरिष्ठांनी आपला शेरा मागे घेतला.

पुढची जवळपास चोवीस वर्षं ते या खात्यात होते. सिंधमधल्या सक्करला त्यांनी पाणीपुरवठ्याची योजना उभी केली. दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत सुचवली. कालव्याचं पाणी थोड्याच लोकांच्या शेतात मुरण्याऐवजी ठरवलेल्या तुकड्यांमध्ये, पिकांची पाळी लावून जास्त गावांना मिळावं, ही त्यामागची कल्पना. पुण्याच्या खडकवासला धरणावर १९०३ च्या सुमारास त्यांनी बनवलेली स्वयंचलित दारं बसली. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की दारं आपोआप उघडायची, पूर ओसरला की आपोआप मिटायची. धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठवता येऊ लागलं. पुढे एडनपर्यंत, म्हणजे थेट समुद्रापार, सरकारने त्यांना सल्ल्यासाठी पाठवलं.

सगळं छान चाललेलं असताना

मग सोडलं का? तर १९०७-०८ च्या सुमारास एक गोष्ट स्पष्ट झाली होती. कामाच्या जोरावर विश्वेश्वरय्या अनेक सीनियर्सना मागे टाकून वर गेले होते आणि त्यावरून खात्यात धुसफूस होती. आणि खात्यातली सगळ्यात वरची खुर्ची, चीफ इंजिनिअरची, हिंदी माणसाला मिळण्याची शक्यता त्या काळात जवळजवळ नव्हती. आजच्या भाषेत सांगायचं तर ग्रोथ थांबली होती.

इथे त्यांच्याकडे तक्रार करायला भरपूर जागा होती. अन्याय खराच होता, तो गोऱ्या कातडीच्या जोरावर चाललेला होता. पण त्यांनी ना कुणा सीनियरशी भांडण काढलं, ना कामात ढिलाई केली. सरळ मुदतपूर्व निवृत्तीची परवानगी मागितली. पेन्शनसाठी लागणारी वर्षं पूर्ण व्हायला अजून अवकाश होता. सरकारने ती अट बाजूला ठेवून त्यांना पेन्शन मंजूर केली. ज्या साहेबी खात्यात त्यांना वर जायला वाट नव्हती, त्याच खात्याने जाताना त्यांच्यासाठी नियम वाकवला. चोवीस वर्षांचं काम कागदावर होतं, म्हणून ते झालं.

आणि हातात दुसरी ऑफर? नव्हतीच. ते परदेशात निघून गेले. युरोप, अमेरिका फिरून तिथली धरणं, कारखाने, शहरांची ड्रेनेज व्यवस्था पाहत राहिले. आज आपण ज्याला करिअर ब्रेक म्हणतो तोच, फक्त त्यांनी तो शिकण्यात घालवला.

जॉइन होण्याआधी प्रश्न विचारा

ते परदेशात असतानाच हैदराबादला २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला भयानक पूर आला. हजारो माणसं दगावली, शहराचा मोठा भाग वाहून गेला. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावणं धाडलं. १९०९ मध्ये ते हैदराबादला आले. शहराच्या वरच्या अंगाला मुसी आणि तिची उपनदी ईसी यांच्यावर जलाशय बांधून पूर अडवायचा, अशी योजना त्यांनी आखून दिली. आजचे उस्मानसागर आणि हिमायतसागर हे त्यातूनच पुढे उभे राहिले.

हे काम सुरू असतानाच म्हैसूर संस्थानाकडून विचारणा झाली, चीफ इंजिनिअर व्हाल का? आपल्या मातीतली नोकरी, जिच्या स्कॉलरशिपवर शिकलो त्या संस्थानाची नोकरी! कुणीही लगेच हो म्हटलं असतं. विश्वेश्वरय्यांनी आधी उलट विचारणा केली. संस्थानाला तंत्रशिक्षण आणि उद्योगधंदे वाढवण्यात खरंच रस आहे का, आणि आपल्याला त्यासाठी वाव मिळेल का? तसं आश्वासन मिळालं, तेव्हाच होकार दिला. आणि हैदराबादचं काम अर्धवट टाकून ते निघाले नाहीत. पुराच्या बंदोबस्ताचा अहवाल निजाम सरकारच्या हाती दिला आणि मगच नोव्हेंबर १९०९ मध्ये म्हैसूरला रुजू झाले. अहवाल इतका नीट होता की पुढचं बांधकाम दुसऱ्या इंजिनिअरांनी पूर्ण करून दाखवलं. हँडओव्हर म्हणतात तो हाच!

दिवाणपदाचा राजीनामा

म्हैसूरमध्ये त्यांची गाडी सुसाट निघाली. १९११ मध्ये कावेरीवरच्या कृष्णराजसागर धरणाचं काम सुरू झालं. १९१२ मध्ये महाराजा कृष्णराज वाडियारांनी त्यांना दिवाण केलं, म्हणजे संस्थानाच्या कारभाराचा प्रमुख. मग बँक ऑफ म्हैसूर आली, १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ आलं, १९१७ मध्ये बंगळूरला इंजिनिअरिंग कॉलेज निघालं.

आणि इथेच दुसरा, पहिल्यापेक्षा कठीण निरोप आला. संस्थानातल्या सरकारी नोकऱ्यांवर ब्राह्मणांचंच वर्चस्व होतं. मागे राहिलेल्या समाजांनी संघटित होऊन आपला वाटा मागितला. महाराजांनी १९१८ मध्ये न्यायमूर्ती लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विश्वेश्वरय्या स्वतः ब्राह्मण. नोकरभरती गुणवत्तेवरच व्हावी आणि मागासांना शिक्षणाने वर आणावं, असं त्यांचं म्हणणं होतं. राखीव जागा त्यांना मान्य नव्हत्या.

हे वाचताना महाराष्ट्रातल्या आपल्याला थांबावंच लागतं. कारण इथे कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्येच मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. ज्यांना शाळेच्या दारातच अडवलं गेलं, त्यांनी शिकून बरोबरीला येईपर्यंत किती पिढ्या थांबायचं, हा प्रश्न शाहू महाराजांना दिसला होता. म्हैसूरच्या महाराजांनाही तो दिसला. विश्वेश्वरय्यांना तो तितकासा दिसला नाही, असंच आज मागे वळून पाहताना म्हणावं लागतं. मोठ्या माणसाचं सगळंच बरोबर असतं असं नाही.

पण प्रश्न असा, की बॉसशी इतका मूलभूत मतभेद झाल्यावर त्यांनी काय केलं? दिवाण म्हणून त्यांच्या हातात सत्ता होती. खुर्चीला चिकटून आतून खोडा घालता आला असता. गट करता आला असता. त्यांनी यातलं काही केलं नाही. धोरण ठरवण्याचा हक्क महाराजांचा आहे आणि ते आपल्याला राबवता येणार नाही, हे ओळखून १९१८ च्या अखेरीस ते बाजूला झाले. महाराजांविरुद्ध जाहीर चिखलफेक नाही, वर्तमानपत्रांतून उणीदुणी नाहीत. त्यांच्यामागून कांतराज अर्स दिवाण झाले आणि कारभार पुढे चालू राहिला. कृष्णराजसागर तर तेव्हा अर्धंच झालं होतं, ते पुढे इतरांनी पूर्ण केलं.

एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. राजीनामा द्यायला ते सरकारी गाडीतून राजवाड्यावर गेले आणि परतताना स्वतःच्या खासगी गाडीतून आले. खरीखोटी कोण जाणे, पण त्यांच्या स्वभावाला ती शोभते. आता ऑफिसचा लॅपटॉप परत करताना कुरकुर करणाऱ्यांनी ती जरूर आठवावी!

दोन्हीकडून पुन्हा बोलावणं

खरी परीक्षा पुढे होती. नोकरी सोडून काही वर्षं गेली की कळतं, आपण दार नुसतं ओढून घेतलं होतं की दाणकन आपटलं होतं.

मुंबई सरकारने १९२१-२२ मध्ये तांत्रिक आणि औद्योगिक शिक्षणाच्या समितीचं अध्यक्षपद विश्वेश्वरय्यांना दिलं. मुंबईतल्या बॅक बेच्या भरावाच्या कामात खर्च हाताबाहेर गेला आणि आरडाओरडा झाला, तेव्हा १९२६ च्या चौकशी समितीतही ते होते. ज्या सरकारची नोकरी सोडली, त्याच सरकारच्या मोठ्या कामाची तपासणी करायला त्यांना बसवलं गेलं.

म्हैसूरची गोष्ट तर आणखी भारी. त्यांच्या काळात आखलेला भद्रावतीचा लोखंड कारखाना तोट्यात रुतला होता. १९२३ मध्ये संस्थानाने पुन्हा त्यांनाच हाक मारली. मतभेद झाले त्याला पाच वर्षंही झाली नव्हती. आता भोगा, असं म्हणायची ही नामी संधी होती. ते गेले, १९२९ पर्यंत अध्यक्ष राहिले, कारखाना सावरला. आपलं मानधन त्यांनी घरी नेलं नाही. त्या पैशांतून बंगळूरला मुलांना हाताला काम देणारं शिक्षण मिळावं म्हणून संस्था उभी राहिली. तिला स्वतःचं नाव देऊ दिलं नाही, त्यांच्या सांगण्यावरून तिला राजघराण्यातल्या जयचामराजेंद्र वाडियारांचं नाव मिळालं.

१९५५ मध्ये भारतरत्न मिळालं. एप्रिल १९६२ मध्ये, वयाची शंभरी पार करून ते गेले. नागपूरच्या व्हीएनआयटीच्या नावात आज ते आहेतच.

मग आपण काय घ्यायचं?

आपल्या वाट्याला दिवाणपद येणार नाही. स्टार्टअप, एजन्सी, आयटी कंपनी, बँक, न्यूजरूम, असंच काहीतरी येईल आणि तिथून कधीतरी निघावंही लागेल. तेव्हा एवढं लक्षात ठेवू या. निघायचं ठरलं की आधी बॉसला सांगा, मग मित्रांच्या ग्रुपला. हातातलं काम एकतर पूर्ण करा, नाहीतर दुसऱ्याला उचलता येईल इतकं नीट लिहून ठेवा. नव्या ठिकाणी पगाराआधी काम काय मिळणार ते विचारा. अन्याय झाला असेल तर बोला, तिथे असताना आणि तोंडावर बोला. पैसे बुडवले, छळ झाला, तर रीतसर तक्रारही करा, गोड निरोपापायी ती गिळायची गरज नाही. आणि बॉस चुकतोय असं वाटलं, तर आपणही चुकत असू शकतो याला थोडी जागा ठेवा.

इंजिनिअर्स डे १५ सप्टेंबरला असतो. यंदा स्टेटसला धरणाचा फोटो टाकाल, तेव्हा भद्रावतीच्या त्या कारखान्याचीही आठवण ठेवा. मतभेदाने सोडलेल्या ठिकाणी पाच वर्षांनी परत जाऊन तिथलं बुडतं काम वर काढणं, हे धरण बांधण्याइतकंच अवघड असणार.